मक्याची खळ

"बाबा, कापड उभं राहायला हवं," असं मुलीने सांगितलं तेव्हा मी बाल्कनीत तीन दिवस न वाळलेल्या माझ्या पँटकडे बघत होतो. जुलै महिना, पाचपाखाडी, चौथा मजला. ठाण्यात या दिवसांत कापड वाळतच नाही, ते उभं कशाच्या जोरावर राहणार?

मुलगी डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आत तार नाही, काडी नाही; नुसत्या कापडाने आपला आकार आपणच धरायचा, असा तो प्रकल्प. मी म्हटलं, हे तर आपल्या घरातलं काम! माझे आजोबा गांधी टोपीला अशी खळ घालायचे की ती खाली पडली तर टण्ण आवाज यायचा. एकदा त्यांनी ती रागाने टेबलावर आपटली आणि टेबलाला पोचा आला, असंही आत्या सांगते. आत्या थोडं वाढवून सांगते.

"मग खळच कर," आई म्हणाली. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि तिच्या मते जगातले निम्मे प्रश्न खळीने सुटतात, उरलेले सुंठीने.

मी रात्री वाचत बसलो. स्टार्चचे कण पाण्यात तापवले की 60-70 अंशांच्या आसपास फुगतात, मग फुटतात आणि त्याची चिकट, पारदर्शक पेज होते. ती कापडात मुरून वाळली की धाग्याधाग्यात पातळ पापुद्रा धरते, आणि कडकपणा म्हणतात तो हाच. यातलं 'वाळली की' मी वाचलं आणि पुढे गेलो. तांदूळ चालतो, मका चालतो, साबुदाणाही चालतो, कारण आपला साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदाचा निव्वळ स्टार्च. आणि ओट्यावर पातेलंभर साबुदाणा आयता भिजलेला होता. देव कधी कधी असा रस्ता दाखवतो.

सकाळी सौ.चा आवाज आला, "अहो, खिचडीचा साबुदाणा कुठे गेला?"

तो बाल्कनीत दोरीवर होता.

त्या दिवशी आषाढी एकादशी होती, हे मला तेव्हा कळलं. आईने दिवस वरीच्या तांदळावर काढला, आणि संध्याकाळी दोरीवरचं मलमल बोटांनी चाचपून म्हणाली, "दाट झाली रे. आणि कापड कोरडं बुडवलंस. आधी भिजवून पिळून घ्यायचं असतं, म्हणजे सगळीकडे सारखी बसते." सल्ला उत्तम होता, फक्त अर्धा किलो साबुदाणा उशिरा आला.

पंख्याखाली चौदा तास ठेवल्यावर ते कापड खरोखर उभं राहिलं. आम्ही फोटो काढले. मग बाहेर सर आली. स्टार्चला पाण्याची जुनी ओढ असते, हवेतला दमटपणाही त्याला पुरतो. दहा मिनिटांत कापड गुडघ्यात वाकलं, मग कमरेत, आणि शेवटी टीपॉयवर आडवं होऊन पडलं. दुसऱ्या दिवशी मुंग्या आल्या. पुस्तकं बांधणारे खळीत मोरचूद घालतात म्हणजे कीड लागत नाही, असं मी सौ.ला सुचवलं. मोरचूद विषारी असतं हे तिला आधीच माहीत होतं. ज्या स्वरात तिने 'माझ्या पातेल्यात?' असं विचारलं, त्यानंतर खळीचं पर्व संपलं.

मग मी जांभळी नाक्याला जाऊन चायना ग्रास आणलं. हे समुद्री शेवाळाचं असल्यामुळे आईची हरकत नव्हती; जिलेटिन मात्र हाडा-कातड्याचं असतं म्हटल्यावर ते उंबऱ्याबाहेरच राहिलं. चायना ग्रासचं काय झालं ते थोडक्यात सांगतो: वाळताना ते इतकं आकसलं की हातभर कापड वीतभर झालं, आणि जे वाळलं नाही त्यावर हिरवी बुरशी आली. सुतारकामाचा पांढरा गोंद पाण्यात कालवूनही पाहिला. त्याने कापड कडक झालं, आणि वर्तमानपत्र, माझी बाही व खुर्चीची पाठही झाली.

"बाबा, आता मी करते," मुलगी म्हणाली. इतकी नम्र बडतर्फी मला ऑफिसातही कधी मिळालेली नाही.

पण सामान वाहून न्यायला बाप लागतोच. वागळे इस्टेटमध्ये लेझरने ॲक्रिलिकच्या नेमप्लेट कापणाऱ्या एका दुकानात आम्ही गेलो. त्या माणसाने कापड दोन बोटांत चोळलं आणि पहिला प्रश्न विचारला, "रेक्झिन तर नाही ना? त्यात पीव्हीसी प्लास्टिक असतं, ते मी कापत नाही. क्लोरीनचा धूर होतो, मशीन गंजतं, आणि माणूस तर त्याआधी जातो." सुतीची कड लेझरने करपते, पॉलिस्टरची वितळून आपोआप बंद होते, धागे सुटत नाहीत, हेही त्यानेच सांगितलं. जन्मभर मी कपडे घालतोय, कोणी मला इतकं सांगितलं नव्हतं.

खरा प्रकार मात्र पुढेच होता. मुलीने मैत्रिणीचा थ्रीडी प्रिंटर आणून आईच्या शिलाई मशीनवर मांडला. यात 1.75 मिलिमीटर जाडीची प्लास्टिकची तार 200 अंशांच्या आसपास वितळते आणि तिचे थरावर थर बसतात. तारही दमट हवेने भिजली होती. नोझलमधून फोडणीसारखा तडतड आवाज यायचा आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे लोंबायचे. मोबाइल भिजला की तांदळात ठेवतात, त्या न्यायाने मी रीळ तांदळाच्या डब्यात ठेवलं. ते सौ.ला कुकर लावताना सापडलं. शेवटी बुटांच्या खोक्यांतून सिलिका जेलच्या पुड्या जमवल्या.

युक्ती अशी, की लायक्रा ताणून फळीवर चिमट्यांनी घट्ट बसवायचा आणि त्यावर सपाट वर्तुळं प्रिंट करायची. (लायक्रा आमच्या घरात एकाच वस्तूत होता. त्या लेगिंग्जबद्दल मी इथे काही लिहीत नाही.) चिमटे काढले की कापडाला आकसायचं असतं आणि वरचं प्लास्टिक आकसू देत नाही. मग सपाट तुकडा स्वतःच उठतो, कडा वर घेतो, खोगिरासारखा वळतो. पहिल्या खेपेला साडेतीन तासांनी वीज गेली. दुसऱ्या खेपेला चिमटे काढले आणि तो तुकडा आमच्या डोळ्यांदेखत, उन्हातला पोह्याचा पापड कडेने उचलतो तसा, हळूच उभा राहिला.

आईने चष्मा लावला. "कशाचं आहे हे?"

"पीएलए. मक्याच्या स्टार्चपासून साखर करतात, ती आंबवून लॅक्टिक ॲसिड, आणि त्याचं प्लास्टिक."

"म्हणजे मक्याची खळ," आई म्हणाली आणि सिरियल लावली.

सबमिशनच्या आदल्या संध्याकाळी तो तुकडा सोफ्यावर, धुतलेल्या कपड्यांच्या ढिगाशेजारी होता. गठ्ठा मी बांधला. यापलीकडे मी कबुली देणार नाही.

रात्री आठला इस्त्रीवाला दारात आला, चेहऱ्यावर अवघड काम तडीस नेल्याचं समाधान. "साब, इसमें बहुत बल पड़ा था. निघतच नव्हता. शेवटी कागद ठेवून दाबला." पीएलए 60 अंशांच्या आसपास मऊ पडतं, कोळशाची इस्त्री त्याच्या कितीतरी पुढची. वर्तुळांची चपाती झाली होती, आणि त्यांवर वर्तमानपत्रातलं राशिभविष्य कायमचं चिकटलं होतं. "मीठा बास आ रहा था," तो म्हणाला.

मुलगी रडली नाही. तिने साबुदाण्याचं तेच पातेलं गॅसवर ठेवलं, पाणी वाफाळल्यावर चिमट्याने तुकडा आत सोडला. प्लास्टिक पुन्हा मऊ झालं, ताणलेल्या लायक्राने त्याला पुन्हा ओढलं, आणि कडा एकेक करून वर आल्या. फक्त कन्या राशीचा मजकूर निघाला नाही. रखडलेली कामे मार्गी लागतील, वडीलधाऱ्यांचा सल्ला टाळावा.

इस्त्रीवाला अजून दारातच उभा होता.

"शर्टाचे दहा, पँटचे दहा," तो म्हणाला. "आणि त्याचे वीस. कपडा फार कडक होता."