किलोमीटरचं मीटर बघून इंजिन ऑइल ठरवणाऱ्यांनो, आधी ऑइल मोजायची डिपस्टिक बघा!

आज पहाटे गारठ्यात स्टार्टर मारला तर इंजिन जड जड फिरलं, आणि सुरू झाल्यावर व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या टॅपेटची टकटक. कालपर्यंत ही टकटक नव्हती! कालच गॅरेजमधून ऑइल बदलून आणलं होतं. बिल काढून बघतो तर २०डब्ल्यू-५०. यातला डब्ल्यूआधीचा आकडा थंडीतला, मागचा इंजिन गरम झाल्यावरचा; आकडा मोठा तेवढं ऑइल जाड. मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० आहे, ऑइलच्या झाकणावर तेच लिहिलंय. ते झाकण गॅरेजवाल्यांनीच उघडलं ना? डोळे मिटून उघडलं?

फोन केला. "साहेब, एक लाख ऐंशी हजार झालेत, वॉरंटी पण संपली. आता जाडच घालायचं असतं." असतं! कोणी ठरवलं? ऑइल किती खाते, निळा धूर येतो का, कुठे गळतंय का, गरम झाल्यावर प्रेशर किती, यातलं एक अक्षर विचारलं नाही. माझी गाडी एका ऑइल चेंजपासून दुसऱ्यापर्यंत टॉप-अप मागत नाही. किलोमीटर म्हणजे आजार आहे का? आणि वॉरंटी संपली म्हणून आतल्या बेअरिंगचा गॅप एका रात्रीत वाढतो का?

बरं, थोडं जाड हवंच होतं तर ५डब्ल्यू-४० होतं की! मागचा आकडा एक पायरी चढवा, पुढच्याला कशाला हात लावता? ५डब्ल्यूची थंडीतली चाचणी उणे ३० अंशांना होते, २०डब्ल्यूची उणे १५ला. मागच्या आकड्याचं बघा. १०० अंशांना ३०चं ऑइल ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकमध्ये (हे जाडपणाचं माप) बसतं, ५०चं १६.३च्या पुढे सुरू होतं. मधली ४०ची पायरी सरळ ओलांडली. माझ्या इंजिनाचं व्हॉल्व्ह टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह कधी उघडायचे ते, ऑइलच्या प्रेशरवर हलतं, तिथे हा पाक ओतलाय.

हेच लोक जुनं ऑइल खाली सोडायच्या ड्रेन प्लगचा वॉशर बदलत नाहीत. मग महिनाभर खाली थेंब, आणि वर म्हणणार की पातळ ऑइल गळतंच. मागे एकाने डिपस्टिकवरच्या मॅक्सच्या खुणेच्या वर बोटभर भरलं होतं, "जास्त असलेलं चांगलं" म्हणून. आणि ते नातेवाईक! पातळ ऑइल फक्त मायलेजसाठी काढलंय म्हणे. मायलेजसाठी काढलंय हे खरंच आहे, पण ज्या इंजिनाचा पंप आणि गॅप त्याच हिशोबाने बनवलाय त्यात तेच चालणार ना! पिस्टनच्या झिजलेल्या रिंगा जाड ऑइलने भरून येत नाहीत. आणि ऑइल खाणाऱ्या गाडीचा पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनात साठणाऱ्या वाफा बाहेर खेचून परत जाळायला पाठवणारा) तुंबलाय का, हे कोणी उघडून बघतं? तो बदलायला रिंगांच्या कामापुढे काहीच लागत नाही, तरी आधी ऑइलच जाड करणार.

उद्या हे एका दिवसाचं नवं कोरं ऑइल फिल्टरसकट काढायला लावतोय. डबा मी नेणार, सील माझ्यासमोर फुटणार, आणि प्लग नव्या वॉशरसकट बसेपर्यंत मी तिथून हलणार नाही.