पाऊस मुबलक, मग झरा का आटतो?

ठाणे-नवी मुंबईच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘शहापूर-मुरबाडकडे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तरी डोंगरातले झरे फेब्रुवारीत आटतात. म्हणजे पावसाचा झऱ्याशी संबंधच नाही. हवामानाच्या आकड्यांवरून झऱ्याचा अंदाज ही थाप आहे, आणि खरं मोजायला लाखोंची यंत्रं लागतात.’ भातसा, तानसा ही धरणं ज्या तालुक्यात आहेत तिथले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. त्यांच्या पाण्याबद्दल असं बेफिकिरीने लिहिलेलं मला सहन होत नाही.

आधी अडीच हजारांचं बघू. वर्षाची बेरीज झऱ्याच्या कामाची नाही. आपला डोंगर काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा. पाणी मुरतं ते भेगांत आणि सच्छिद्र थरांत, आणि ती जागा बेताचीच. ती भरली की जुलैचा धो-धो पाऊस सरळ ओढ्याला लागतो. उलट ऑक्टोबरात चार चांगल्या सरी आल्या, तर झऱ्याला ओहोटी तेवढी उशिरा लागते.

अंदाज थाप कसा? महिन्याच्या पावसातून झाडं आणि ऊन किती पाणी नेतात ते वजा करायचं. तापमानावरून ते काढायची थॉर्नथ्वेट या अमेरिकी हवामानतज्ज्ञाची पद्धत १९४८ची आहे. उरलेल्यातून आधी माती भिजते, मग खडक भरतो. पाऊस थांबल्यावर झरा ठरावीक प्रमाणात उतरत जातो, हे माये या फ्रेंच अभ्यासकाने १९०५मध्येच मांडलं होतं.

यंत्रं म्हणाल, तर बादली आणि मोबाइलचं घड्याळ पुरतं. समजा, १ नोव्हेंबरला १५ लिटरची बादली ३० सेकंदांत भरली. म्हणजे दिवसाला ४३,२०० लिटर. महिन्याभराने तीच बादली भरायला ६० सेकंद लागले, तर पाणी निम्म्यावर आलं. असंच दर महिन्याला निम्मं होत गेलं, तर १ फेब्रुवारीला उरतं ५,४०० लिटर. मेसेजने पुरावा म्हणून दिलेलं फेब्रुवारीतलं आटणं हे गणितच सांगतं, आणि तेही डिसेंबरात, टँकरची मागणी वेळेत करता येईल तेव्हा.

वरच्या अंगाला बोअर मारली किंवा डोंगर पोखरला, तर मात्र हा अंदाज चुकतो. पण नोंदी असतील तर ते लपत नाही: पाऊस नेहमीसारखा आणि झरा सतत अंदाजाच्या खाली, असं दिसलं की वर काय झालंय ते जाऊन बघायचं.