सतरा मुद्दे, बाकी निरंक

कार्यविभाजनाच्या बैठकीला जो गैरहजर असतो, त्याच्या वाट्याला माहिती अधिकाराचं टेबल येतं. हा नियम कुठल्याही शासन निर्णयात छापलेला नाही, पण इतर कुठल्याही नियमापेक्षा इमानेइतबारे पाळला जातो. मी त्या दिवशी भाचीच्या साखरपुड्याला गेले होते. परत आले तेव्हा माझ्या टेबलावर एक फुगलेली फाइल होती. तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'कलम ४ (१) (ख) : १७ मुद्दे'. माझ्याआधी ते टेबल सांभाळणारे भाऊसाहेब बदलीच्या ठिकाणी रुजू व्हायला इतक्या घाईने निघून गेले होते की जेवणाचा डबा कपाटातच राहिला होता.

(आमचं खातं कोणतं, तालुका कोणता, ते सांगत नाही. माझी स्वतःची बदली अजून व्हायची आहे.)

ज्यांना सरकारी नोकरीचा संसर्ग झालेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा म्हणतो, की प्रत्येक सरकारी कचेरीने आपल्याबद्दलची सतरा प्रकारची माहिती कोणी मागायच्या आधी, आपण होऊन जाहीर करावी. कचेरीची रचना काय, कोणाला कोणते अधिकार, निर्णय कुठल्या पायऱ्यांनी होतो, कोणकोणती कागदपत्रं ताब्यात आहेत, पगार कोणाला किती, अंदाजपत्रक किती, अनुदान कोणाकोणाला दिलं, सगळं. लोकांवर अर्ज करायची वेळच कमीत कमी यावी, हा हेतू. बाकीचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ ला लागू झाला, पण हे कलम त्याच्याही आधी, जूनमध्येच. पहिल्यांदा सगळं जाहीर करायला १२० दिवस दिले होते. तेवढ्यावर थांबले असते तर आमची ना नव्हती. पण सतराव्या मुद्द्यानंतर एक शेपूट आहे : 'आणि त्यानंतर दरवर्षी अद्ययावत करील.'

फाइलमधल्या प्रती काढून शेजारी शेजारी लावल्या. मजकूर पहिल्या वर्षापासून जसाच्या तसा. बदललं होतं ते फक्त मुखपृष्ठावरचं वर्ष. मूळ प्रतीवर त्या आकड्यावरून पांढरी शाई इतक्या वेळा फिरली होती, की डोळे मिटून बोट फिरवलं तरी वर्ष कुठे आहे ते हाताला लागायचं. टायपिंगची फाइलही सापडली. पण ती जुन्या 'सुरेख' फॉन्टमध्ये होती आणि नव्या संगणकावर तो फॉन्ट नव्हता. उघडल्यावर पडद्यावर नुसत्या टोप्या, शेपट्या आणि पौंडाची चिन्हं. 'कर्मचाऱ्यांची कर्तव्ये' या मुद्द्याखाली ते चित्र मला तसं योग्यच वाटलं.

मग पहिली पायरी : सर्व टेबलांना परिपत्रक. 'आपल्या कार्यासनाशी संबंधित माहिती तात्काळ सादर करावी.' सगळ्यांनी त्यावर सही केली, सहीखाली 'पाहिले' असं लिहिलं आणि खरोखरच नुसतं पाहिलं. दुसरं पत्र, स्मरणपत्र. तिसरं, अंतिम स्मरणपत्र. अंतिम स्मरणपत्रानंतर काय पाठवतात हे आमच्याकडे अजून कोणाला माहीत नाही. शेवटी मी खुर्ची उचलून एकेकाच्या टेबलाशी जाऊन बसले, तेव्हा उत्तरं यायला लागली. सगळ्यांचं उत्तर एकच होतं : 'निरंक', म्हणजे दाखवण्यासारखं काही नाही.

ज्यांनी सरकारी तक्ते भरलेले नाहीत त्यांना निरंकाची गोडी कळायची नाही. 'नाही' म्हटलं की का नाही, असा प्रश्न येतो. 'माहीत नाही' म्हटलं की खुलासा मागतात. 'निरंक' म्हटलं की वरचा अधिकारी मान डोलावून पुढच्या रकान्याकडे जातो. सातवा मुद्दा आहे, धोरण ठरवताना जनतेशी विचारविनिमय करण्याची व्यवस्था. निरंक. धोरण आमच्याशीच विचारविनिमय करून ठरत नाही, तर जनतेची काय कथा! आठवा मुद्दा : समित्यांच्या बैठका जनतेसाठी खुल्या असतात काय, कार्यवृत्त पाहायला मिळतं काय? समितीचे सचिव म्हणाले, "बैठक झाली असती तर खुलीच ठेवली असती हो." निरंक. चौदावा, इलेक्ट्रॉनिक स्वरूपातली माहिती. एक सीडी आहे, ती घालायची खाच असलेला संगणक निर्लेखित झाला, म्हणजे भंगारात निघाला. सतरावा मुद्दा आहे 'विहित करण्यात येईल अशी इतर माहिती'. इतर म्हणजे काय, ते इतकी वर्षं कोणी विचारलेलं नाही आणि मीही विचारायच्या भानगडीत पडले नाही.

पण सगळेच मुद्दे असे वाऱ्यावर सोडता येत नाहीत. सहावा मुद्दा, ताब्यातल्या कागदपत्रांची वर्गवारी, त्याने मला रेकॉर्ड रूममध्ये नेलं.

रेकॉर्ड रूमची किल्ली शिपाईमामांकडे असते आणि मामा तिला जानव्यासारखी जपतात. दार उघडून ते आधी स्वतः आत गेले, जोरात खोकले, हातातली काठी दोनदा आपटली आणि मग म्हणाले, "या आता. जे होतं ते गेलं." काय होतं ते मी विचारलं नाही.

आत कमरेएवढे गठ्ठे. एकेकाळी तांबडे असलेले रुमाल, त्यांवर पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या, चिठ्ठ्यांवर कोणाचं तरी वळणदार अक्षर. कागदांची वर्गवारी शासनाने फार पूर्वी ठरवून दिलेली आहे. 'अ' वर्ग कायम जपायचा, 'ब' तीस वर्षं, 'क' दहा वर्षं, 'क-१' पाच वर्षं आणि 'ड' एका वर्षात नष्ट करायचा. प्रत्यक्षात 'ड' वर्ग ठणठणीत होता. १९८० च्या सुमाराचे किरकोळ रजेचे अर्ज, पंखा दुरुस्तीची बिलं, कुणा साहेबांच्या निरोप समारंभाची वर्गणी यादी, त्यात कोणी दिली नाही त्यांच्या नावापुढे फुली. कायम जपायच्या 'अ' वर्गाचा गठ्ठा उचलला, तर रुमाल हातात आला आणि आतला कागद भुरभुर खाली पडला. वाळवीला वर्गवारी शिकवलेली नसते, पण कायमस्वरूपी काय आहे ते तिला बरोबर कळतं.

एका कोपऱ्यात १९७२ च्या दुष्काळातल्या कामांची हजेरीपत्रकं निघाली. पाझर तलाव, खडी फोडणं, पानभर अंगठ्यांचे ठसे. आमच्या खात्याचा त्या कामांशी काहीएक संबंध नाही. ती इथे कशी आली, हे मामांनाही सांगता येईना. "आपण आलो तवापासून हाईत," एवढंच. मी ती यादीत घेतली. आणखी एक लोखंडी कपाट होतं, ज्याची किल्ली एका निवृत्त हेडक्लार्कांबरोबर गेली म्हणतात. 'कपाट क्र. ४, तपशील : बंद' अशी नोंद मी प्रामाणिकपणे केली. साहेबांनी पुढे ती खोडून 'गोपनीय' केली, त्यामुळे कपाटाला उगाचच वजन आलं.

यशदात, म्हणजे सरकारी माणसांच्या पुण्यातल्या प्रशिक्षण संस्थेत, प्रशिक्षणाला गेले होते तेव्हा सवड काढून पुण्याचं पुरालेखागार बघून आले होते. पेशव्यांच्या कारकुनांनी बांधलेले रुमाल तिथे अजून आहेत. त्यांतून रियासतकार सरदेसायांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत ४५ खंड काढले. आणि आम्हाला मागल्या वर्षीचं जडवस्तू संग्रहाचं, म्हणजे टेबल-खुर्च्यांच्या नोंदीचं, रजिस्टर मिळत नाही. पेशवाईतल्या कारकुनाला मात्र दरवर्षी अद्ययावत करायचं नव्हतं, एवढं त्याचं सुख मोठं होतं.

नववा आणि दहावा मुद्दा, म्हणजे अधिकारी-कर्मचाऱ्यांची यादी आणि त्यांचा पगार. हा भाग सोपा असेल असं वाटलं होतं. तेवढ्यात आमचा सगळ्यांत धाकटा लिपिक कागद घेऊन आला आणि खाली बघत म्हणाला, "मॅडम, यादीतून वडिलांचं नाव तेवढं काढा." त्याचे वडील इथेच शिपाई होते. सेवेत असतानाच वारले आणि त्यांच्या जागी हा अनुकंपा तत्त्वावर लागला. कचेरीबाहेरच्या फलकावर लावलेल्या यादीत मात्र ते अजून सेवेत होते, मूळ वेतनासकट. मी म्हटलं, काढते, पण इतक्या वर्षांनी आजच का रे? तर म्हणाला, मुलीकडचे फलक वाचून गेलेत.

त्याचं असं झालं होतं, की पाहण्याचा कार्यक्रम ठरायच्या आधी मुलीचे वडील मुद्दाम एसटीने येऊन आमच्या फलकासमोर उभे राहिले होते. इतकी वर्षं जाहीर केलेली ती सतरा मुद्द्यांची माहिती शेवटपर्यंत वाचणारा माझ्या माहितीतला हा पहिला नागरिक. लिपिकाच्या नावापुढे 'एस-६ : १९,९०० – ६३,२००' अशी वेतनश्रेणी, म्हणजे सुरुवातीचं आणि कमाल मूळ वेतन, लिहिलेली. त्यांनी त्यातला दुसरा आकडा पक्का धरला. खाली त्याच आडनावाचा आणखी एक कर्मचारी, म्हणजे व्याहीही नोकरीत! घरात दोन पगार, असं समजून ते आनंदाने परतले आणि मुलीच्या मामाला फोन केला. आता त्यांना वेतनश्रेणी म्हणजे काय, पतसंस्थेचा हप्ता म्हणजे काय, आणि व्याही तसबिरीत आहेत, हे सगळं एका बैठकीत सांगायचं होतं. पारदर्शकतेचे तोटे कायद्याच्या पुस्तकात दिलेले नसतात.

नाव काढलं. लग्न जमलं. (पगार ऐकून नाही, मुलीला मुलगा आवडला म्हणून.)

तरी ही कर्मचाऱ्यांची यादी म्हणजे खरा दैवदुर्विलास आहे. बदल्यांचा कायदाही आपल्याकडे २००५ चाच, आणि तो सांगतो की बदल्या साधारणपणे एप्रिल किंवा मे महिन्यात कराव्यात. आम्ही मार्चअखेर उरकून एप्रिलमध्ये यादी अद्ययावत करतो, मे संपेपर्यंत तिच्यातली निम्मी माणसं दुसऱ्या तालुक्याच्या यादीत जातात. दोन्ही कायदे करणाऱ्यांची एकदा गाठ घालून द्यायला हवी होती.

असो. प्रत तयार झाली, साहेबांपुढे गेली. साहेबांनी चष्मा वर करून पानं मोजली, मग निरंक मोजले.

"मॅडम, निरंक फार झालेत. वरून तपासणी आली तर काय दिसेल? दोन-तीन ठिकाणी भरा काहीतरी. हा पंधरावा घ्या."

पंधरावा मुद्दा म्हणजे नागरिकांना माहिती मिळवण्यासाठी उपलब्ध सुविधा. सार्वजनिक वापरासाठी ग्रंथालय किंवा वाचनकक्ष चालवत असल्यास त्याच्या वेळा.

"सर, आपल्याकडे वाचनकक्ष नाही."

"जिन्याखाली बाक आहे ना?"

"आहे."

"त्यावर बसून कोणी काही वाचत असेल तर आपण हटकतो का?"

"नाही."

"मग?"

असल्या युक्तिवादावर माणसं राजपत्रित होतात. मी लिहिलं : 'वाचनकक्ष, तळमजला, कामकाजाच्या दिवशी सकाळी ९.४५ ते सायंकाळी ६.१५.' साहेबांनी सही केली. एक प्रत संकेतस्थळासाठी जिल्ह्याला गेली, एक काचेच्या फलकात लागली, आणि मी रीतसर हुश्श केलं.

त्याच आठवड्यात आप्पा आले. आप्पा म्हणजे आमच्या तालुक्यातले निवृत्त गुरुजी. ते अर्ज लिहितात तो दीडशे शब्दांच्या मर्यादेत बसवून, शुद्धलेखनासह, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प जराही वाकडा न लावता. त्यांच्या अर्जावर उत्तर लिहिताना साहेबसुद्धा ऱ्हस्व-दीर्घ तपासून घेतात. अर्ज वाचला : 'कलम ४ (१) (ख) अन्वये प्रसिद्ध केलेल्या १७ मुद्द्यांची साक्षांकित प्रत मिळावी.'

"आप्पा, अहो, ही माहिती अर्ज न करता मिळावी म्हणूनच तर जाहीर केलीय. बाहेर फलकावर आहे. फुकट."

"वाचली," आप्पा म्हणाले. "फलकाला कुलूप आहे आणि खालचं पान वरच्याच्या मागे गेलंय. मला सही-शिक्क्याचं हवं."

कायद्यापुढे इलाज नाही. उत्तराला कायद्याने दिलेले तीस दिवस त्यांना थांबवण्यात अर्थ नव्हता. पानं मोजली, पानाला दोन रुपये, पावती फाडली आणि तिथल्या तिथे प्रत दिली. आप्पांनी ती उभ्याउभ्या वाचायला घेतली. सहाव्या मुद्द्यावर ते बराच वेळ थांबले आणि वहीत 'कपाट क्र. ४' असं टिपून घेतलं. दहाव्या मुद्द्यावर साहेबांच्या केबिनकडे एकदा बघितलं. पंधराव्यावर त्यांचा चेहरा उजळला.

"बाई, वाचनकक्ष केव्हा काढलात?"

मी जिन्याखाली बोट दाखवलं. आप्पांनी बाकावरची धूळ रुमालाने झटकली, बसून पाहिलं, एका बाजूला हलतो म्हणून खाली अर्जाची कच्ची प्रत घडी करून सरकवली आणि निघून गेले. मी मनात म्हटलं, सुटले.

सोमवारी पावणेदहाला ते हजर. बगलेत दोन वर्तमानपत्रं, जाड भिंगाचा चष्मा, पाण्याची बाटली. मंगळवारी त्यांचे पेन्शनरांच्या कट्ट्यावरचे मित्रही आले. हल्ली ते सगळे आमचा हजेरीपट सुरू व्हायच्या आधी येतात आणि कोण किती वाजता आत शिरलं ते मोठ्याने वाचून दाखवतात. कधी नव्हे ते आमचे सगळे कर्मचारी वेळेवर यायला लागले आहेत. वाचनकक्षात टेबल, पंखा आणि दोन मराठी मासिकं असावीत, असा त्यांचा निवेदनवजा अर्ज आला आहे. साहेबांनी त्यावर 'नियमानुसार उचित कार्यवाही करावी' असा शेरा मारून तो माझ्याकडे पाठवला आहे.

आणि मामा परवापासून माझ्या मागे लागलेत, "मॅडम, आप्पांच्या मंडळींचा चहा कुठल्या लेखाशीर्षात टाकायचा, तेवढं एकदा लिहून द्या."