आठ लिटर हवा

माझा मेहुणा न्यू जर्सीहून येताना नेल गन, म्हणजे खिळे ठोकायची बंदूक, घेऊन आला. "दाजी, ११० व्होल्टची भानगडच नाही. ही हवेवर चालते," असं म्हणून त्यानं ती माझ्या हातात ठेवली. आता हवा डोंबिवलीतही असते. पण ती टाकीत ठासून पाच-सहा बारच्या दाबानं सोडायला कॉम्प्रेसर लागतो, आणि तो त्याच्या बॅगेत मावला नव्हता.

सल्ला द्यायला मात्र सगळे मोकळे होते. कोपऱ्यावरचा पंक्चरवाला म्हणाला, "दोन एचपीच्या खाली जाऊच नका." (त्याच्याकडे ट्रक येतात. माझ्याकडे चपला.) आई म्हणाली, "माळ्यावर बाबांचा नेब्युलायझर पडलाय. तोही हवाच मारायचा की." तत्त्वतः तिचं बरोबर होतं, ही त्यातली चीड आणणारी गोष्ट.

शेवटी एका शनिवारी स्लो लोकलनं मशीदला उतरलो आणि नागदेवीच्या हत्यारबाजारात शिरलो. ड्रिल बिट, बेअरिंगं, पान्यांचे गठ्ठे, हातगाड्या, सगळ्यांतून अंग चोरत एका दुकानाच्या काउंटरपाशी पोचलो. मालकानं बिलबुकातून मान वर न काढता विचारलं, "काम काय?"

खरं काम होतं तीन कप्प्यांचा चप्पल-स्टँड. हातोडीनं पातळ पट्ट्या चिरत होत्या, एवढाच प्रश्न. पण मागे चार कंत्राटदार उभे होते. म्हणालो, "फर्निचर."

"साइटवर की वर्कशॉपमध्ये?"

"वर्कशॉप." आमची गॅलरी आठ बाय तीनची आहे. त्यात तुळस आणि वॉशिंग मशीनही राहतात.

त्यानं पेनानं एका कोपऱ्याकडे बोट दाखवलं. ५० लिटरची टाकी, दोन चाकं, पट्ट्यावर फिरणारा पंप. दावणीला बांधलेल्या वासरासारखा दिसत होता. "तीन गनी एकदम चालतील. ऑइलवाला आहे, तेव्हा नेताना आडवा करू नका, तेल गळतं."

"जरा लहान?"

आता त्यानं चष्मा वर सरकवला. "स्प्रे पेंटिंग करणार?"

"नाही, फक्त खिळे."

"मग एचपी-एचपी काय करताय? पेंटिंगला सलग हवा लागते, म्हणून तिथं पंप दणकट हवा. गन घोट घोट पिते. दोन खिळ्यांच्या मधे टाकी भरत राहते." मग त्यानं बिलबुकाच्या मागच्या बाजूला हिशोबच मांडला. आठ लिटरची टाकी, दाब आठ बारवरून पाचवर आला की गनीला मिळाली चोवीस लिटर मोकळी, म्हणजे बाहेरच्या दाबाची हवा. मोटर त्यानंतर पुन्हा सुरू होणार. "दिवसाला खिळे किती?"

पट्ट्या मी घरूनच मोजून आलो होतो. "शेहेचाळीस."

"हजार?"

"नाही. शेहेचाळीस. एकूण."

मागचे कंत्राटदार गप्प झाले. एकानं तर मला बघायला मान पुढे काढली. मालक पोऱ्याला ओरडला, "अरे, माळ्यावरचा बारका काढ!"

बारका म्हणजे आठ लिटर, पाऊण एचपी, ऑइल-फ्री. तेलाचा ताप नाही, त्या बदल्यात आवाज. परतीला लगेजच्या डब्यात एका माणसानं त्याच्याकडे बघून विचारलं, "कॅटरिंगचं का?" मी हो म्हणालो. त्या दिवशी आणखी एका माणसाला चप्पल-स्टँड सांगायची ताकद उरली नव्हती.

घरी पुढचं नाटक. मेहुण्याच्या गनीचा पाव इंची आटा अमेरिकन, आपल्याकडच्या कपलिंगचा ब्रिटिश. त्यांचे इंचाला अठरा वेढे, आपले एकोणीस. दोन-तीन वेढे असे प्रेमानं बसतात की वाटतं जमलं, मग अडतं. मी टेफ्लॉन टेप गुंडाळून जबरदस्ती केली. बारीक सूं सूं ऐकू येत होतं, पण ते मी फॅनवर ढकललं आणि स्विच तसाच चालू ठेवून झोपलो.

त्या सूं सूंनं रात्रभरात टाकी पाच बारवर आणली. प्रेशर स्विचनं आपलं कर्तव्य केलं. पहाटे पावणेतीनला कॉम्प्रेसर आपणहून सुरू झाला. तुळस थरथरत होती. आईला वाटलं, पालिकेनं पुन्हा रस्ता खोदायला घेतला. खालचे काका बनियनवर वर आले तेव्हा मी अंधारात गुडघ्यावर बसून लाल बटण शोधत होतो, आणि तेवढ्यात टाकी भरून तो आपणहूनच बंद पडला.

"काय होतं?" काकांनी विचारलं.

"हवा," मी म्हणालो.

रविवारी अडॅप्टर मिळवला आणि चप्पल-स्टँड ठोकला. शेहेचाळीस खिळे, सात मिनिटं. टाकी रिकामी करताना खालच्या व्हॉल्व्हमधून चमचाभर पाणी निघालं. जुलैची डोंबिवली टाकीत भरली की दुसरं काय निघणार.

एक सांगायचं राहिलं. तीस मिलिमीटरचे ते खिळे नागदेवीत पाच हजारांच्या पेटीत मिळतात. ४९५४ शिल्लक आहेत. आईनं देवापुढचा पाट कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावलीये.