हाताखालच्या माणसाला इंग्रजीत काय म्हणावे?

अभिनंदन! तुमच्या हाताखाली एकदाचा माणूस आला. काम तो करणार आणि नाव तुमचे होणार, हे ठरलेलेच आहे. प्रश्न आहे तो त्याच्या व्हिजिटिंग कार्डावर काय छापायचे याचा. मराठीत अशी अडचण नव्हती. समोर असला की ‘आमचे अमुकराव’, पाठ वळली की ‘आमचा गडी’, एवढ्यावर भागायचे. इंग्रजीत मात्र ढीगभर शब्द आहेत. चुकीचा निवडलात तर एक तर तो तुमच्या खुर्चीत बसेल, नाहीतर तुम्ही दोघे एकाच एफआयआरमध्ये दिसाल.

भित्र्या साहेबांनी ‘असिस्टंट’वरच थांबावे. हा शब्द लागू पडतो की नाही, हे पाहायला आठ दिवस गावी जाऊन या. परत आल्यावर टेबलावर कागदांचा ढीग साचलेला असेल, तर तो असिस्टंट. कागद सह्या होऊन मार्गी लागले असतील, तर तो डेप्युटी, आणि पुढची रजा जरा विचार करून घ्या. असिस्टंटला काम सोपवलेले असते, डेप्युटीला अधिकार. ‘लेफ्टनंट’ त्याहून वाईट. या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थच ‘जागा धरून ठेवणारा’, म्हणजे एसटीच्या खिडकीतून टाकलेला रुमाल. आता रुमालच ऐसपैस बसला आणि उठेना, तर कंडक्टरकडे कुठल्या तोंडाने तक्रार करणार?

मराठी प्रतिशब्द वापरून सुटका होईल, या भ्रमात राहू नका. पोलीस खात्याकडे पाहा. सहायक पोलीस आयुक्ताच्या वर पोलीस उपायुक्त असतो. म्हणजे ‘उप’ मोठा, ‘सहायक’ लहान, असा नियम पाठ करून तुम्ही ठाण्यात शिरता. तिथे सहायक पोलीस निरीक्षकाच्या खांद्यावर तीन तारे आणि पोलीस उपनिरीक्षकाच्या खांद्यावर दोन! कारण आयुक्तांचा ‘उप’ हा डेप्युटी आणि निरीक्षकांचा ‘उप’ हा सब. दोन वेगळ्या इंग्रजी शब्दांना आपण एकच टोपी घातली. आणि ज्याला ‘सहायक’ आणि ‘उप’ दोन्ही मिळाले, तो सहायक पोलीस उपनिरीक्षक या सर्वांच्या खाली. तेव्हा कुणाला खूश करून जागच्या जागी ठेवायचे असेल, तर दोन्ही उपसर्ग एकदम बहाल करा.

पदवी द्यायची पण अधिकार द्यायचा नाही, हे जमेल का, अशी शंका असेल तर निर्धास्त व्हा. हा मार्ग थेट सर्वोच्च न्यायालयात तपासून झालेला आहे. 1989 मध्ये देवीलाल यांनी उपपंतप्रधान म्हणून शपथ घेतली. असे पद घटनेत नाही म्हणून आव्हान दिले गेले. न्यायालयाने म्हटले, हा शब्द निव्वळ वर्णनापुरता. अधिकार इतर मंत्र्यांइतकेच. उपमुख्यमंत्रिपदही घटनेत शोधून सापडत नाही, पण महाराष्ट्राचे त्यावाचून अडते का? नाव मोठे केले की पगार वाढवावा लागत नाही, हा फायदा आणखी वेगळा. सहाव्या वेतन आयोगाच्या वेळी महाविद्यालयातले लेक्चरर ‘असिस्टंट प्रोफेसर’ झाले (त्यांचा पगार वाढला, तेवढा अपवाद सोडा). कुठल्या प्रोफेसरला असिस्ट करायचे, हे मात्र त्यांना अजून कुणी सांगितलेले नाही.

आता रागाचे शब्द. ते वापरण्याआधी लक्षात ठेवा की हे माणसाच्या कामावरून ठरत नाहीत, त्याच्या मालकाबद्दल तुमचे काय मत आहे यावरून ठरतात. ‘हेंचमन’ म्हटले की मालक खलनायक झालाच. तेव्हा स्वतःच्या माणसाला चुकूनही हेंचमन म्हणू नका. शब्दाचे घराणे तसे चांगले: हेंगेस्ट म्हणजे जुन्या इंग्रजीत घोडा, त्याचा हा माणूस. मार्शल हाही मुळात घोडे सांभाळणारा नोकर आणि कॉन्स्टेबल हा तबेल्याचा सरदार. तिघेही एकाच पागेतले. एक फौजेत वर चढला, एकाच्या हाती काठी आली आणि एक गुंडाच्या मागे उभा राहिला. ‘नाइट’ आणि ‘नेव्ह’ही तसेच, दोन्हींचा मूळ अर्थ पोऱ्या. एक सर झाला, दुसरा हरामखोर. आपल्याकडचा ऑफिस बॉय मात्र पन्नाशी उलटली तरी बॉयच.

‘मिनियन’ म्हणजे फ्रेंचमधला ‘मिन्यों’, लाडका. सोळाव्या शतकात फ्रान्सचा राजा तिसरा आंरी याच्या लाडक्यांना लोक दातओठ खात याच नावाने ओळखत. हल्ली साहेब लोक कौतुकाने ‘माय मिनियन्स’ म्हणतात आणि टीम हसते. हसू द्या. ‘लॅकी’ म्हणजे आपला हुजऱ्या. त्याला वर्दी लागते, मत लागत नाही. ‘क्रोनी’ला मात्र हाताखालचा समजू नका. तो जुना दोस्त, कामाला येत नाही, कंत्राट घ्यायला येतो.

तरीही निवड होत नसेल तर वर्तमानपत्रवाल्यांचा ‘एड’ (aide), म्हणजे मदतनीस, घ्या. मथळ्यात मावतो, आणि पगार कोण देतो ते सांगावे लागत नाही. फक्त धाड पडली की बातमी बदलते. सकाळी ‘क्लोज एड’, दुपारी ‘असोसिएट’, आरोपपत्र दाखल झाले की ‘अकम्प्लिस’, म्हणजे गुन्ह्यातला साथीदार. म्हणून कार्डे शंभरच छापून घ्या.

एकच शब्द पूर्ण वर्ज्य: ‘सर्व्हंट’. अपवाद फक्त आधी ‘पब्लिक’ लागला तर. 1860 च्या दंड संहितेत कलम 21 ने या लोकसेवकाची व्याख्या केली, आणि तो कर्तव्यावर असताना त्याच्या अंगावर गेलात तर कलम 353 तयार होते. 1 जुलै 2024 पासून त्याच कामासाठी न्याय संहितेचे कलम 132 आहे. तेव्हा खिडकीपलीकडच्या सेवकाशी बोलताना आवाज खाली ठेवा, जेवणाची सुट्टी संपेपर्यंत थांबा, आणि अर्जाच्या शेवटी ‘आपला आज्ञाधारक’ हे तुम्हीच लिहा.