राज्य बदललं म्हणून मृत्युपत्र रद्द होत नाही

नांदेड-लातूरकडून हैदराबादला स्थायिक झालेल्यांमध्ये एक मेसेज फिरतोय: "दुसऱ्या राज्यात गेलात की जुनं मृत्युपत्र बाद, नवीन नोंदणी करा." हे चूक आहे. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 दोन्ही राज्यांत लागू आहे. कलम 63 प्रमाणे तुमची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या असतील, तर हिंदू व्यक्तीचं मृत्युपत्र तिथेही चालतं. मुस्लिमांना त्यांचा वैयक्तिक कायदा लागू होतो. नोंदणी ऐच्छिक आहे, स्टॅम्प ड्युटी लागतच नाही. त्यामुळे कुणी 'ट्रान्सफर'चे पैसे मागितले तर देऊ नका.

मृत्युपत्र एकदा वाचून मात्र काढाच. खरा घोळ मिळकतीच्या तपशिलात होतो. गावाकडचं शेत विकून तिकडे फ्लॅट घेतला आणि मृत्युपत्रात जुना गट नंबरच राहिला, तर ज्याच्या नावे ते शेत लिहिलंय त्याला काहीच मिळत नाही. फ्लॅट आपोआप त्याच्याकडे जात नाही. साक्षीदार हयात आहेत का, व्यवस्थापकाला (मृत्युपत्राप्रमाणे वाटणी करायला तुम्ही नेमलेल्या माणसाला) धावपळ जमेल का, तेही पाहा. किरकोळ बदलाला पुरवणी मृत्युपत्र पुरतं, पण त्यावरही दोन साक्षीदार हवेतच. जुन्या कागदावर खाडाखोड करू नका. सगळंच नव्याने लिहिलंत तर "आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द" हे वाक्य तारखेसह घाला.