रिहॅब विंग, सेल विंग आणि एक पत्र्याचा बिल्ला

आमच्या लालबागच्या बिल्डिंगला दोन गेट आहेत. एक रिहॅब विंगचं, म्हणजे आम्हा जुन्या चाळकऱ्यांचं, आणि एक सेल विंगचं, म्हणजे बिल्डरकडून फ्लॅट विकत घेतलेल्यांचं. पाच वर्षं झाली, पण तिकडचे लोक आम्हाला फक्त पार्किंगच्या भांडणातच भेटायचे.

गेल्या गणपतीत मी म्हटलं आरास राहू दे, घराघरातल्या गिरणीच्या वस्तू मांडू. कमिटीतले एकजण म्हणाले, भंगार कोण बघणार? पण लोकांनी आणलं ओ. पगाराची पाकिटं, ८२ च्या संपातले फोटो, खानावळीतला पितळी तांब्या, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी सासऱ्यांचा पत्र्याचा बिल्ला, नंबर झिजून गेलेला, बोट फिरवल्यावरच लागतो.

सेल विंगमधला एक लखनौचा मुलगा सहज डोकावला आणि विचारलं, भोंगा म्हणजे मशिदीवरचा का? तर आमच्या एका अण्णांनी, वय ७८, तोंडाने गिरणीच्या पहिल्या पाळीचा भोंगा वाजवून दाखवला, सगळी पोरं गोळा.

मग काकू बोलल्या. सासरे त्रासनात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात होते, साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात पगार जास्त पण तिथे घेत नव्हते, कारण मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातला धागा तोंडाने ओढायला लागायचा आणि दलिताच्या तोंडचा धागा बाकीच्यांना चालायचा नाही. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपातच हा प्रश्न मांडला होता, तरी पुढे कितीतरी वर्षं तेच. दोन मिनिटं कोणी काही बोललं नाही. मी स्वतः त्याच चाळीत वाढलो आणि मला हे माहीत नव्हतं, "गिरणगावात सगळे एक होते" हे मात्र मीच शंभरदा लिहिलंय.

म्हणून मला ते मॉलमध्ये शोभेला ठेवलेल्या गिरणीच्या चिमणीचं कौतुक पटत नाही. चिमणीला काय विचारणार? काकूंना विचारता येतं, आणि लखनौवाल्याने विचारलं, साचेखाता म्हणजे काय इथपासून. त्याचे आजोबा कानपूरच्या गिरणीत होते म्हणे! आता तो रविवारी अण्णांकडे येऊन त्यांचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करतो, येतो आमच्याच गेटने.

गेट अजून दोनच आहेत, पार्किंगची भांडणंही चालू आहेत. बिल्ला सध्या माझ्या कपाटात आहे, काकू म्हणाल्या पुढच्या गणपतीपर्यंत तुमच्याकडेच ठेवा, आमच्याकडे नातवंडं हरवतील.